करंगळीचा पाय

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील. घाबरू नकोस. तब्येत ठीक आहे, नळ गळत नाही, गॅस बंद करूनच झोपतो. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर मी किती बोलतो ते तुला ठाऊक आहे. परवा तू सांगितलंस की पुढच्या महिन्यापासून तू खुर्चीमागे उभी राहणार नाहीस, त्याच पार्लरमध्ये पुढे काउंटरला बसणार आणि गिऱ्हाइकांच्या वेळा लावून देणार. मी म्हणालो, बरं. मग तू विचारलंस जेवलात का, मी म्हणालो हो, आणि विषय संपला. तेव्हापासून मला काही बसवत नाही. टेबलाशी बसतो, उठतो, जिना उतरून खाली वर्कशॉपात जातो, दिवा लावतो, कशाला आलो ते विसरतो आणि परत वर येतो. तुझी आई असती तर म्हणाली असती, अहो, एक तर बसा, नाही तर चपला घालून बाहेर जा, मधल्यामधे जिना का झिजवताय.

काउंटरला बसण्यात काही कमीपणा नाही. कंबर दुखते, रोज तीच तीच डोकी बघून कंटाळा आलाय, असं तू म्हणालीस. असेलही. माणसाला कामाचा कंटाळा येतो, मलाही यायचा. पण जिच्या हाताखालची एकही बाहुली केसांसकट म्हातारी झाली नाही, जिने सातवीत असताना आपली पुढची बट आपणच कापून कपाळावर कितीतरी दिवस कुंचला मिरवला आणि तरी कात्री सोडली नाही, तिला कंटाळा आला हे माझ्या गळ्याखाली उतरायला वेळ लागतोय. मी वाद घालायला लिहीत नाही. वाद मला जमत नाही, जमला असता तर तुझ्या आईशी एकदा तरी जिंकलो असतो. मला तुला काही सांगायचं आहे आणि तू ती खुर्ची सोडायच्या आत सांगायचं आहे. ते सरळ येत नाही म्हणून जरा लांबून येतो. तेवढं चालवून घे.

मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा वर्कशॉपला कुलूप होतं. आई गेल्यापासून ते तसंच होतं. तू गेलीस आणि दुसऱ्या दिवशी मी ते उघडलं. आधी नुसता झाडू मारला. टेबलावर ती वस्तू अर्धवट पडली होती, धूळ खात. तुला आठवत असेल, आम्ही दोघं एक हातमोजा बनवतोय असं आईने तुला सांगितलं होतं. गरम स्ट्रेटनरने बोटं भाजतात, कर्लरला बट गुंडाळताना अंगठ्याला चटका बसतो, आणि बाजारातले जाड हातमोजे घातले की बोटाला केस कळत नाही, म्हणून हातात घालायचं काहीतरी. तू हसून म्हणाली होतीस की म्हातारपणी दोघांनी बरा खेळ काढलाय. आईने सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं तुला सांगायचं नाही असं तिने मला बजावलं होतं. मी ते आजवर पाळलं. आता मोडतोय. विचारायला ती इथे नाही, म्हणजे मोडणं सोपं जायला हवं होतं. उलट जड जातंय.

आईचा हात थरथरायचा. उजवा जास्त, डावा कमी. मांडीवर ठेवला की शांत. कंगवा उचलला, चमचा तोंडाशी नेला, सुईत दोरा ओवायला घेतला की सुरू. नेमकं कधीपासून ते मला सांगता येणार नाही, कारण ती ते लपवायची आणि लपवण्यात पटाईत होती. आधी तिने हत्यारांना नावं ठेवायला सुरुवात केली. या कंगव्याचे दात सरळ नाहीत. ही खुर्ची डुगडुगते. या स्ट्रेटनरची वायर कडक आहे, हाताला ओढते. मी मुकाट्याने कंगवा घासून द्यायचो, खुर्चीच्या पायांखाली रबर लावायचो, वायर बदलायचो. आमच्या घरात बोलणं असंच चालायचं. ती हत्याराला नावं ठेवणार, मी हत्यार दुरुस्त करणार, हाताबद्दल दोघंही गप्प. मग वर्कशॉपाला लागून असलेल्या तिच्या पार्लरमधली गरम कामं एकेक करून हाताखालच्या चिमटीकडे गेली. तोंडात कायम केसांचे चिमटे धरून बोलते म्हणून तूच तिला हे नाव दिलंस आणि आता गिऱ्हाइकंही तिला तेच म्हणतात. आई म्हणायची, माझ्या नशिबाला दोन मदतनीस आले, भिंतीच्या अलीकडची तोंडात चिमटे धरते, पलीकडचा तोंडात स्क्रू धरतो, बोलायचं तेवढं मलाच बोलावं लागतं.

तू फोन केलास की ती फोन कानाला लावून भिंतीला टेकायची. तू आलीस की चहा गाळायचं काम माझ्यावर यायचं. तुला वाटलं असेल, बाबा निवृत्त झाल्यावर सुधारले.

शाळेच्या मोठ्या बाईंचा कान भाजला त्या दिवशी हे झाकणं संपलं. तुझ्याच मोठ्या बाई, ज्यांच्या चपलांचा आवाज आला की अख्खा वर्ग मुका व्हायचा. निवृत्त झाल्या तरी दर आठवड्याला केस नीट करून घ्यायला येतात, आणि आरशात बघून आपल्याच केसांना शिस्त लावल्यासारखा चेहरा करतात. त्या दिवशी चिमटी रजेवर होती. गरम स्ट्रेटनर बाईंच्या कानाच्या पाळीला लागला. फोड आला, फार मोठा नाही. मधली भिंत इतकी पातळ, तरी मला काही ऐकू आलं नाही, कारण बाई ओरडल्याच नाहीत. त्या म्हणाल्या, कान माझा भाजलाय आणि रडताय तुम्ही, हे उलटंच झालं. मग अर्धे केस सरळ आणि अर्धे तसेच घेऊन, मान ताठ ठेवून, भर रस्त्याने घरी गेल्या. आई पार्लर बंद करून माझ्याकडे आली. माझ्याकडे येणारी माणसं ज्या स्टुलावर बसतात त्यावर बसली. टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलून दिव्याखाली धरला, आणि तो किती हलतो ते मला बघू दिलं. मग म्हणाली, "आता हत्यार दुरुस्त करून भागणार नाही. हात बघा."

मध्येच उठलो होतो. खिडकी लावली, परत उघडली. कुठवर आलो होतो? हां. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला कागदावर गोल गोल काढायला लावलं, पाण्याचा पेला एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायला लावला. म्हणाले, हा नुसता कंप आहे, याच्यामागे दुसरं भयंकर काही नाही. जिवाला धोका नाही, पुरता जाणारही नाही, गोळीने थोडा कमी होईल. बऱ्याचदा हा घराण्यात असतो, तुमच्याकडे कुणाला होता का? आई हसायलाच लागली. तुझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, फार तापट म्हणून प्रसिद्ध होते. कप बशीत ठेवताना असा खडखडाट करायचे की पोरं दुसऱ्या खोलीत पळायची. आई म्हणाली, आम्ही जन्मभर त्यांना घाबरलो आणि तो माणूस नुसता कप ठेवत होता. घरी येताना बसमध्ये मात्र ती खिडकीबाहेर बघत राहिली. उतरायच्या आधी माझ्याकडे न बघता म्हणाली, "भिंगरीला सांगू नका. रोज सकाळी उठून स्वतःचे हात बघत बसेल."

म्हणून हातमोजा. तुला सांगायला हातमोजा.

मी जन्मभर हॉस्पिटलच्या वर्कशॉपात हातापायांचे आधार बनवले. मोडलेलं मनगट, लुळं पाऊल, वाकडी बोटं. आमच्या कामाची शिकवण एकच, हलतं ते धरून ठेव. तेव्हा मी आईच्या हाताचं प्लास्टरचं माप घेतलं आणि मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत कडक आधार करून दिला, वर पट्टे. कंप मनगटात थांबला आणि कोपरात निघाला. कोपर धरलं तर खांद्यात गेला. नळाच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी बाजूने उडतं, तसं. आरशासमोर उभी राहून ती म्हणाली, चिलखत घालून केस कापणारी मी जगातली पहिलीच असेन, आता एक घोडा तेवढा द्या. माझं मात्र हसणं गेलं होतं. दिवसभर दुसरं काही सुचायचं नाही. जेवताना मी तिच्या घासाकडे बघायचो आणि ती म्हणायची, घासाचं माप घेऊ नका.

मग दुसरा प्रकार केला, जरा लवचीक, पोलादी पट्टीचा. तो मात्र झकास चालला. केस असलेलं एक रबरी डोकं आणलं होतं, शिकणाऱ्या मुली वापरतात तसलं. ते मी टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात घट्ट आवळलं आणि आईने त्याच्यावर स्ट्रेटनर असा फिरवला की एक केस वाकडा नाही. मी इतका खूश झालो की स्वतः जाऊन मोठ्या बाईंना आमंत्रण दिलं. बाई आल्या, बसल्या, आई कामाला लागली, तेवढ्यात दारातून कुणी डोकावलं आणि कोण आलंय ते बघायला बाई वळल्या. झालं. स्ट्रेटनर बाईंच्या गालाला टेकला. नशीब, तो अजून तापायचा होता. माझ्याकडे येणारी माणसं हलायची नाहीत गं, त्यांना हललं की दुखायचं. डोकं वळतं, हसतं, मान डोलावतं, शेजारणीची बातमी आली की ताडकन फिरतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यातून मी टकला. केसांच्या कामात माझी अक्कल किती चालणार? आई म्हणाली, तुमच्या त्या रबरी बाईला कुतूहलच नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका कुतूहलासाठीच येतात, केस हे निमित्त.

त्यानंतर मी काही दिवस नुसता पार्लरच्या कोपऱ्यात बसून बघत राहिलो. बायकांना आवडलं नाही, पण आईने सांगितलं की हे फर्निचर समजा. मला दिसलं ते असं. भांग पाडताना तिचा हात शांत असायचा. बट उचलताना थरथरायचा, आणि भांग पाडताना नाही. का? भांग पाडताना ती करंगळी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टेकवायची. करंगळी टेकली की हाताला बूड मिळायचं, आणि डोकं वळलं तर करंगळीसकट हातही वळायचा. तिला विचारलं तर म्हणाली, असं करते होय मी? गरम हत्यार हातात आलं की भाजायच्या भीतीने ती करंगळी आखडून घ्यायची, तिथेच सगळं बिघडायचं. तू खुर्चीमागे उभी राहतेस तेव्हा तुझी करंगळी कुठे असते ते बघ एकदा.

तर आता ती वस्तू अशी आहे. तळहात मोकळा. उजव्या करंगळीला सिलिकॉनचा एक बारका वाकडा पाय, पोलादी पट्टीवर बसवलेला. आई त्याला करंगळीचा पाय म्हणायची. तो डोक्यावर टेकतो, डोकं हललं की बरोबर हलतो, आणि तापत नाही. त्याच्याच बाजूला एक पातळ आडोसा, स्ट्रेटनर आणि कातडी यांच्यामध्ये. कान असो, मान असो, बोटभर अंतराच्या आत गरम पट्टी येऊच शकत नाही. डाव्या हाताच्या तीन बोटांना टोप्या, आतल्या अंगाला कंगव्यासारखे दाते, पण बोटांची टोकं उघडी, म्हणजे केस कळतो. मनगटाला पट्टा, त्यात थोडं वजन, वजनाने थरथर जरा बसते. धोका सगळा केसांच्या मुळाशी आणि कानाशी असतो. तिथे हा पाय सांभाळतो. पुढे बट खाली ओढत नेताना हात हलला तरी केसाला त्याचं काय.

मोठ्या बाई पुन्हा आल्या. कुणी बोलावलं नव्हतं, आपणहून येऊन खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, दुसरा कान अजून शाबूत आहे, चालू करा. आईने अर्धं डोकं केलं. मी दारात उभा होतो. हात थरथरत होता, मला दिसत होता, आणि बट सरळ उतरत होती. मागून चिमटी म्हणाली, ताई, गेल्या वर्षी करत होता तसंच की हो. अर्ध्यावर आईला मनगटाचा पट्टा काचायला लागला, मी तो वाजवीपेक्षा आवळला होता. ती म्हणाली, बास आता, पट्टा सैल करून द्या, उरलेलं डोकं पुढच्या आठवड्यात. उरलेलं चिमटीने केलं. पुढच्या आठवड्यात आईला ताप आला, मग छातीत कफ भरला, मग हॉस्पिटल, आणि तिथून पुढचं तुला माहीत आहे, तू होतीस. पट्टा मी त्याच संध्याकाळी सैल करून ठेवला होता.

पुन्हा उठलो होतो. चहा ठेवला, तो उकळून आटला, पुन्हा ठेवला. हल्ली माझं असंच चालतं. चिमटी म्हणते, काका, तुम्ही या घरात दुसरा पंखा झालाय, नुसते फिरता.

तू गेल्यावर वर्कशॉप उघडलं, ते सांगत होतो. ती वस्तू चिमटीच्या मापाने नवी बनवली आणि तिला घालायला दिली. तिला इतकी आवडली की परत देईना. तिच्या बोटांवरचे जुने चट्टे जुनेच राहिले, नवा एकही उठला नाही. दुसऱ्या पार्लरमधल्या दोघी-तिघी येऊन बघून गेल्या. केसांचं सामान विकायला येणारा माणूस म्हणाला की लहान, मध्यम, मोठा अशा मापांत काढा, माल जाईल. मी म्हणालो, बरं. कुणाचे हात भाजायचे वाचत असतील तर चांगलंच आहे. पण चिमटीचा हात दगडासारखा स्थिर. तिच्यासाठी ते चटक्यापासून बचावाचं साधन झालं, आणि ते तर आम्ही तुला सांगितलेलं अर्धं. मला हवं होतं ते उरलेलं अर्धं. वजन किती ठेवायचं, पट्टी किती नरम, पाय करंगळीच्या टोकाशी हवा की पेरापाशी, हे थरथरणाऱ्या हातावरच कळतं, आणि मी ज्या हातावर शिकत होतो तो गेला.

मग मी कंप उसना आणायच्या मागे लागलो. चिमटीला म्हटलं, जरा हात हलवून काम कर. तिने असा हलवला की मोठ्या बाई म्हणाल्या, ही थंडी वाजलेल्या माणसाची नक्कल झाली, शाळेच्या नाटकातसुद्धा मी हिला घेतलं नसतं. मग पार्लरमधलं डोकं चोळायचं मशीन, ते थरथरणारं, मी माझ्या मनगटाला बांधलं आणि स्ट्रेटनर घेऊन रबरी डोक्यासमोर उभा राहिलो. त्या रबरी बाईचे कपाळावरचे केस गेले. अख्ख्या पार्लरमध्ये जळका वास, चिमटी खिडक्या उघडत फिरतेय, आणि मी मशीन बंद करायचं बटण शोधतोय. मोठ्या बाईंना विचारलं तुम्ही बसता का, तर म्हणाल्या, तुमच्या बायकोवर माझा विश्वास होता म्हणून मी कान दिला, तुमच्यावर तेवढा नाही, माफ करा. त्या हसल्या नाहीत. मग म्हणाल्या की ती हे काम कुणासाठी पुरं करा म्हणाली असती, त्याचा विचार करा. मशीनचा कंप एका तालात चालतो. खरा तसा नसतो. तो दबा धरून बसतो आणि नेमका बारीक कामाच्या वेळी उठतो, आणि कुणी बघतंय असं वाटलं की दुप्पट होतो. मशीनला लाज नसते, भिंगरी. आईच्या हाताला होती. तो निम्मा लाजेनेच हलायचा. मोठ्या बाईंसमोर, सगळं माहीत असलेल्या माणसासमोर, तो पुष्कळ शांत असायचा. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता लांबचा रस्ता संपला, आता सांगतो. मागच्या खेपेला, निघायच्या आदल्या संध्याकाळी, तू माझ्या कानामागचे केस कापायला घेतलेस. दर खेपेला घेतेस, डोक्यावर काही उरलं नसलं तरी तिथे उगवतंच. टॉवेल माझ्या खांद्यावर टाकलास. कात्री कानाशी आली, थांबली, मागे गेली, परत आली. मग तू म्हणालीस, "बाबा, या कात्रीची धार गेलीय. पुढच्या वेळी कापते." त्या कात्रीला धार होती. तू येणार म्हणून मीच लावून ठेवली होती. तू माझ्या मागे उभी होतीस, समोर आरसा नव्हता, तेव्हा मला काही दिसलं नाही हे खरं. पण पाती कानाजवळ एकमेकींवर वाजत होती, बारीक, न थांबता, आणि तो आवाज मला ओळखता येतो. आईला वाटत होतं की तुला सांगितलं तर तू रोज उठून हात बघत बसशील. तू बघतेच आहेस, आणि एकटी बघते आहेस, आणि हे काय लागलंय आपल्या मागे म्हणून नको ते मनात आणत असशील. ते आईचं आहे, आजोबांचं आहे, बाहेरचं काही नाही, हे तुला कळावं म्हणून तिचा शब्द मोडला. तरी आधी डॉक्टरांना दाखव, मी काही डॉक्टर नाही. आईच्या डॉक्टरांचा पत्ता मागे लिहिला आहे. ते सांगतील ते सांगोत, मग इकडे ये. काउंटरच आवडत असेल तर खुशाल बस, मी पुन्हा म्हणेन बरं, आणि या वेळी मनापासून म्हणेन. पण निदान एकदा हे हातात घालून बघ आणि मग ठरव. मोठ्या बाईंना मी तुझ्याबद्दल एका अक्षराने बोललो नाही, फक्त तू कधी आलीस तर बसाल का म्हणून विचारलं. तर म्हणाल्या, कधी ते सांगा. मला दोन्ही हातांचं माप लागेल. सैल बाहीचं काही घालून ये आणि बोटातली अंगठी घरीच ठेव, प्लास्टर काढताना अडकते आणि दुखतं.

वाट बघतोय.

तुझाच,
बाबा